अकरा फुटांवरची पाखरं

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, की स्वयंपाकात काय काय करते तेही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो असा, "मॅडम, तुमचा पलंग किती बाय किती?"

मी म्हटलं, "अंदाजे सहा बाय चार असेल."

त्यांचा चेहरा पडला. आतल्या दाराकडे बघून त्यांनी आवाज दिला, "आयकलं का वं? ह्या मॅडम अंदाजे म्हणतात."

आतून काकू म्हणाल्या, "म्हणू द्या. भाडं बरोबर देतील."

अशी मला चिखलीतली ती माडीवरची खोली मिळाली. मी नगरकडची, चिखलीजवळच्या एका खेड्यात शाळेवर नेमणूक झाली होती. काका भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले मोजणीदार. एकतीस वर्षं त्यांनी जिल्हाभर टेप धरून शेतांचे बांध मोजले होते. दोन्हीकडं काठ्या घेतलेले भाऊभाऊ आणि मधे हा किरकोळ अंगाचा माणूस खाली मान घालून आकडे लिहितोय, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे दोन सवयी कायमच्या लागल्या होत्या. एक म्हणजे कोण किती का ओरडेना, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आणि दुसरी, जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आधी फुटांत दिसायची.

मी बसस्टँडचा रस्ता विचारला तर म्हणाले, "सातशे चाळीस पावलं. माह्ये. तुमचे नऊशे होतील." काकू भाकरी थापत असल्या की ते मधूनच डोकं आत घालून "ही जरा पूर्वेकडं सरकली" असं सांगून जायचे. पंगतीत बसले तरी शेजारच्याची पत्रावळ आपल्या हद्दीत आली का ते बघायचे. मला ते पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. त्यांच्या मुलीपेक्षा मी दोन वर्षांनी लहान होते, तरी मॅडम.

ती मुलगी नागपूरला नोकरीला. घरात दोघंच. आणि गंमत अशी की त्या दोघांना एकमेकांच्या घरात असण्याची सवयच नव्हती. काका नोकरीत मेहकरला, मलकापूरला, जिथं बदली होईल तिथं राहिलेले. काकू मुलीच्या शाळेपायी चिखलीत. निवृत्त होऊन ते घरी आले तेव्हा पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे. काकू चहा द्यायच्या. ते "बरं" म्हणायचे. त्यापुढे गाडी जायची नाही.

मग एक दिवस काका बुलढाण्याला गेले आणि पिंजरा घेऊन आले. आत चार पाखरं. दोन हिरवी, एक निळं, एक पिवळं. आपल्याकडं ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ती. पिंजरा टीपॉयवर ठेवून म्हणाले, "तुले करमत नाई म्हणत होती ना."

काकू म्हणाल्या, "कवा म्हणलं होतं?"

"मागं."

"मागं म्हंजे पोरगी तिसरीत होती तवा."

"तेच."

काकूंनी पाखरांना नावं दिली ती अशी: मेहकर, लोणार, मलकापूर आणि नांदुरा. काकांच्या बदलीची गावं. मी हसले तर म्हणाल्या, "ह्या गावांनी आमचं माणूस नेलं होतं. आता बसा म्हणा पिंजऱ्यात." त्या दिवसापासून काकू बोलायला लागल्या. सकाळी राळ्याची वाटी भरताना, चोच घासायला समुद्रफेस अडकवताना, दुपारी गहू निवडताना. "मेहकर, पाणी सांडू नको रे." "लोणार, तुले काऊन एवढी घाई?" आणि मलकापूरला तर रोज शिव्या. ते निळं पाखरू जरा जाडं होतं, दिवसभर एका दांडीवर बसून राहायचं.

पाखरं येऊन दहा-पंधरा दिवस झाले असतील. सकाळी सातला मी माडीच्या कठड्याशी कपडे वाळत घालत होते. खाली दार उघडलं, काका तरातरा फाटकाबाहेर गेले, रस्त्याकडं तोंड केलं आणि शिंकले. साधं शिंकले नाहीत. आधी सगळं अंग आखडलं, एक पाय उचलला गेला, आणि मग एकामागं एक तीन. समोरच्या घराच्या पत्र्यावरची दोन कबुतरं उडाली. काकांनी रुमालानं डोळे पुसले, चेहरा मोजणीच्या वेळचा केला आणि आत गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा बाहेर. पुन्हा तीन.

मी दोन-तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी त्यांनी वर बघितलं. जिना चढून आले, डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल.

"मॅडम, तुम्ही काही ऐकलं नाई."

"काका, तुम्हाला पाखरांची ॲलर्जी झाली आहे."

"कापसाचा सीझन हाये. रुई उडते."

"पिंजऱ्याजवळ गेलं की उडते?"

त्यांनी रुमालानं नाक पुसलं. मग हळूच म्हणाले, "तिले सांगू नोका. समजलं तर आजच्या आज देऊन टाकील पाखरं. आपल्याले काई तरास नाई. शिंक बाहेर नेऊन टाकायची, झालं."

जणू काही शिंक म्हणजे केराची बादली!

पण बाहेर नेऊन टाकणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. दिवाणखान्यात बसायचं तर नाकाला आवर घालायला हवा. औषधाच्या दुकानातून त्यांनी आपल्या मनानं एक गोळी आणली. शिंक थांबली, पण भाताचा घास हातात धरून काका ताटावरच झोपले. काकूंना वाटलं नमस्कार करतायत. मग फवारणीचा मास्क आणला. तो बघून मेहकर आणि लोणार इतके घाबरले की पिंजऱ्यात पिसांचा पाऊस पडला, आणि व्हायचं तेच झालं. शेवटी हेल्मेट. काच खाली ओढून, हेल्मेट घालून काका खुर्चीत बसायचे आणि पेपर वाचायचे.

काकू म्हणाल्या, "अवो, हे काय?"

आतून घुमल्यासारखा आवाज आला, "हेल्मेट सक्तीचं होऊन राह्यलं. सवय पायजे."

"घरात?"

"सवय घरापासूनच लागते."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

त्यातल्या त्यात एक गोष्ट चांगली झाली. कोणी झाडू हातात घेतला की काका ओरडायचे, "झाडू नोका, पुसा!" आणि स्वतः ओलं फडकं घेऊन पिंजऱ्याभोवतीची फरशी पुसायचे. काकू गल्लीभर सांगत फिरल्या की रिटायर झाल्यावर माणूस सुधारतो म्हणून.

आता समोरच्यांचं सांगायला हवं. समोर एक जीपवाले भाऊ राहत. रोज सकाळी सातला त्यांची जीप सुलतानपूरच्या फेरीला निघायची. आणि रोज सातलाच काकू पिंजऱ्यातली वाटी झटकायच्या. त्यामुळे भाऊंनी किल्ली फिरवली की फाटकातून तीन शिंका यायच्या. निघताना शिंक. भाऊ जीप बंद करायचे, घरात जाऊन पाटावर बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा निघायचे. तोवर काकांच्या पुढच्या तीन तयार. आत बसलेली माणसं ओरडायची, "भाऊ, काय लावलं बे? आम्हाले टाइमावर जाऊ दे ना!" एकदोघांनी तर घरून निघतानाच पाण्याची बाटली आणायला सुरुवात केली, जीपमधेच बसून घोट घ्यायचा आणि "झालं, चला" म्हणायचं.

इथवर सगळं चाललं. पण एका रविवारी भाऊंच्या मुलासाठी देऊळगाव राजाला मुलगी बघायला जायचं होतं. भाऊंची म्हातारी आई, नवी इस्त्रीची माणसं, पेढ्याचा पुडा, सगळं जीपमधे बसलं. काका बाहेर आले. तीन. सगळे उतरले, आत गेले, पाणी प्याले, बसले. काकांनी या खेपेला तोंडावर उशी धरली होती. उशीतून आवाज आणखी जाड आला. पुन्हा सगळे उतरले. तिसऱ्या वेळी काका बिचारे मागच्या दारानं गेले, घराला वळसा घातला आणि नेमके जीपच्या मागे येऊन शिंकले.

भाऊंच्या आई जीपमधून उतरल्या त्या घरात गेल्याच नाहीत. पदर खोचून सरळ आमच्या फाटकातून आत आल्या.

"बाई, तुमच्या मालकाले घरात शिंकायले सांगा. आमच्या पोराचं लगन होऊ द्या."

काकू म्हणाल्या, "हे? हे तर कधी शिंकत नाईत."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "चार महिने झाले, बाई. आख्खी गल्ली पाणी पिऊन राह्यली."

काकूंनी वळून बघितलं. दारात काका उभे होते. एका हातात उशी, एका हातात हेल्मेट, आणि चेहऱ्यावर ती मोजणीची शांतता. पण नाक त्यांच्या बाजूनं नव्हतं. तिथंच, त्या दोघींच्या देखत, सात शिंका आल्या. मी मोजल्या. तोवर माझ्या अंगातही तो रोग भिनला होता.

काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते पाखरांना सांगायच्या. "नांदुरा, त्याहिले म्हणा ताट वाढलं." "लोणार, त्याहिले म्हणा चार महिने खोटं बोलून पोट भरलं असंन तर जेवू नका." तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि काकांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी छाती तपासली. पाठीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि त्यांचं हसू गेलं. "काका, छातीत शिट्टी वाजतेय. पाखरांच्या पिसांची बारीक भुकटी असते, वाळलेली घाण असते, ती हवेत उडते. तुम्हाला ती चालत नाही. अंगावर काढलंत तर फुप्फुसावर जाईल. एक तर पाखरं देऊन टाका, नाही तर त्यांच्यापासून लांब राहा."

काका पुढं सरकले. "लांब म्हंजे किती?"

"म्हणजे?"

"फूट सांगा."

"अहो, जितकं लांब तितकं बरं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत आख्ख्या वैद्यकशास्त्राबद्दल कीव होती. "असं मोजमाप नसते, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून जुना टेप काढला. माझी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मला पिंजऱ्यापाशी शून्याचं टोक धरून उभं केलं. काका एकेक फूट मागं जायचे, डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहायचे. शिंक आली की खडूनं फुली. पंखा बंद ठेवून एकदा, एकावर ठेवून एकदा, खिडकी उघडून एकदा. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण प्रयोग इतका जीव लावून करायचा असतो हे मला त्या आठवड्यात कळलं. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "मधात येऊ का?"

"नाई! हवा हालते."

"दूध उतू चाललं ना!"

"जाऊ दे!"

निकाल लागला. पंखा बंद असेल तर अकरा फूट. पंखा चालू असेल तर घरात जागाच नाही. काकांनी फरशीवर चुन्याची रेघ मारली, नकाशा काढला, त्यावर उत्तर दिशेचा बाण दाखवला आणि खाली सही केली. दिवाणखाना चौदा फुटांचा. म्हणजे काकांच्या वाट्याला शेवटचे तीन फूट आले, आणि तिथं चपलांचं कपाट होतं.

ते तिथं बसायला लागले. स्टूलवर, पायताणांच्या मधे, पंखा बंद, अंगाला घाम, तोंडाला मास्क. कोणी आलं की आधी त्यांना ओलांडून चप्पल काढायची. काकू पिंजऱ्यापाशी बसून राळे घालायच्या आणि मधूनच तिकडं बघायच्या. एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिंपळगाव राजाला भावाला फोन लावला. "उद्या पिकअप घेऊन ये. पाखरं घेऊन जा."

काकूंचा भाऊ आला. शांत शेतकरी माणूस, दुसरा जे दोन एकरभर बोलेल ते दोन शब्दांत बोलणारा. काकूंनी पिंजऱ्यावर मुलीची जुनी ओढणी टाकली होती, राळ्याची पिशवी बांधून ठेवली होती. "मेहकरले उन्हात ठेवू नको," त्या सांगत होत्या, "अन् नांदुरा रात्री झाकल्याशिवाय झोपत नाई." आवाज नेहमीसारखाच होता, पण ओढणीची एकच गाठ त्या तीनदा सोडून बांधत होत्या.

भावानं पिंजरा उचलला आणि काका दारात आडवे उभे राहिले.

"माह्यी हरकत हाये," ते म्हणाले.

"दाजी, बाजूले व्हा ना."

"तोंडी नाई. लेखी हाये." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चौघडी कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "मॅडम, वाचा. नोटीस तिसऱ्यानं वाचावी लागते."

मी वाचायला लागले. विषय, पाखरे नेण्याबाबत हरकत. खालील सही करणार, सदर घराचा कब्जेदार, लिहून देतो की पाखरांमुळे अर्जदारास शिंका येतात हे खरे आहे. अर्जदाराने सदर बाब लपवली हेही खरे आहे. तथापि घरातील स्त्री सदर पाखरांशी दिवसभर बोलते. सदर बोलणे अर्जदार बाहेरून ऐकतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत अर्जदारास सदर बोलणे ऐकण्यास मिळाले नाही. पाखरे गेल्यास सदर बोलणे बंद होईल. करिता हरकत.

मी कागदाची घडी घातली. पिंजरा धरून भाऊ तसाच उभा. ओढणीखाली कोणीतरी एक चिवचिवलं.

काकू म्हणाल्या, "बाहेरून म्हंजे कुठून?"

"स्वयंपाकघराच्या दाराआडून. पंधरा फूट पडते."

"सगळं ऐकलं?"

"हाव."

"पोरगी तापली होती अन् तुमी मेहकरले होते, ते?"

"हाव. मले तवा कोणी सांगतलंच नव्हतं."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अन् मलकापूरले म्हणते ते?"

"ते बी."

"काय काय?"

काका खाली बघून, जबाब दिल्यासारखं म्हणाले, "'एवढं मोठं धूड घेऊन बसला, एका कामाचा नाई.' हे मंगळवारी. 'तोंडातून शब्द काढायले काय वेगळं पाणी लागते का?' हे त्याच्या आदल्या दिवशी."

"ते मलकापूरले नव्हतं म्हणलं," काकू म्हणाल्या.

"मले वाटलंच."

आणि काकू हसल्या. पदराचं टोक तोंडात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. काकांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पिंजरा दोन फुटांवर असल्यामुळे. मग त्यांना शिंका लागल्या त्या थांबेनात, आणि भावाला पिंजरा घेऊन अंगणात पळावं लागलं.

अंगणातून तो म्हणाला, "ताई, मंग मी जाऊ का?"

"जेवून जा."

जेवताना त्यालाच ते सुचलं. मागच्या अंगणात बदामाचं झाड होतं, त्याखाली जागा होती. पुढच्या आठवड्यात तो पिकअपमधून लोखंडी अँगल आणि बारीक जाळी घेऊन आला, आणि काकांनी तीन वेळा मोजून चौथ्यांदा "लावा" म्हटलं. पाखरांना पत्र्याचं छप्पर मिळालं, उघडी हवा मिळाली. काकू तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्यानं जाळी पुसायच्या आणि आत येताना हातपाय धुऊन पातळ बदलायच्या. डॉक्टरांनी झोप न आणणारी गोळी दिली आणि ओढायचं औषध दिलं. छातीतली शिट्टी दोन महिन्यांत गेली. शिंका पुऱ्या गेल्या नाहीत. पाखरांची पिसं झडायच्या दिवसांत काका माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि माझ्या टेबलाची उंची चुकली आहे हे समजावून सांगायचे.

बाकी दिवसभर त्यांची खुर्ची अंगणातच. बांबूला एक चिंधी बांधली होती. वारा फिरला की चिंधी फिरायची, आणि काका खुर्ची उचलून जिकडून वारा येई त्या अंगाला जायचे. सकाळी विहिरीकडं, दुपारी धुण्याच्या दगडाकडं. अंतर तेच, अकरा फूट; वर एक फूट सावधगिरीचा.

मी तिथं आणखी दोन वर्षं राहिले. मला आठवतो तो त्यातला एक रविवार. मी वर वह्या तपासत होते. खाली काकू जाळीपाशी बसून वांगी चिरत होत्या आणि सवयीनं विचारत होत्या, "नांदुरा, आज भाजी कशी करू रे?"

काही उत्तर येणार नव्हतंच. पण पलीकडून, खुर्चीवरून, आवाज आला, "आलू टाक त्यात."

सुरी थांबली. "तुमाले कोणी इचारलं?"

"कोणी नाई. मीच सांगतलं."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. काकू पाखरांकडं पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी परातीतला एक बटाटा उचलला, उंच धरला आणि अंगणाच्या पलीकडं विचारलं, "किती टाकू?"

काकांनी तोंड उघडलं. आता ग्रॅम सांगणार, नाही तर इंच सांगणार, म्हणून मी वाट बघत राहिले.

"अंदाजानं," ते म्हणाले.